हद्दीच्या रेषेलाही पुरावा हवा

पश्चिम घाटाचे क्षेत्रफळ किती, या प्रश्नाला घाटाच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारनेच नेमलेल्या दोन समित्यांनी दोन वर्षांच्या आत दोन उत्तरे दिली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाच्या ऑगस्ट २०११ च्या अहवालात ते १,२९,०३७ चौरस किलोमीटर आहे, तर कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये ते १,६४,२८० चौरस किलोमीटर धरले. फरक पस्तीस हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. त्यात गोव्यासारखी नऊ राज्ये मावतील. यात कुणाचे गणित चुकले असे मुळीच नाही. गाडगीळ गटाने समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जंगल यांवरून घाटाच्या कडा ठरवल्या. कस्तुरीरंगन गटाने नियोजन आयोगाच्या पश्चिम घाट विकास कार्यक्रमातील तालुके पायाभूत मानले, आणि तालुका आत आला की त्यातले सपाटीवरचे गावही आत आले. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. मात्र कस्तुरीरंगन अहवालातील ‘घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील’ हे वाक्य गाडगीळ अहवालातील टक्केवारीशेजारी ठेवून गेली बारा वर्षे जो वाद चालला आहे, त्यात छेदस्थानी वेगवेगळे आकडे आहेत याचे भान क्वचितच राखले गेले.

हे उदाहरण अपवादात्मक नाही. प्रादेशिक योजना, महानगर प्रदेशाचा विकास आराखडा, संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना, पूररेषा, यांपैकी कोणताही नकाशा घेतला तरी त्यातील हद्द ही एकाच मोजणीतून आलेली रेषा नसते. पाच-सहा खात्यांनी, पाच-सहा काळांत, पाच-सहा हेतूंनी तयार केलेल्या साधनांची ती जुळवणी असते. माझे म्हणणे असे आहे की ही जुळवणी लपवून ठेवण्याची आपली प्रशासकीय सवय सोडली पाहिजे. हद्दीचा प्रत्येक तुकडा कोणत्या साधनावरून घेतला, ते साधन कोणत्या सालचे व कोणत्या प्रमाणाचे होते, आणि दोन साधने जुळली नाहीत तेथे कोणते ग्राह्य धरले व का, याची नोंद नकाशाबरोबरच प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक असावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३ नुसार शासन अधिसूचना काढून प्रदेश स्थापन करते आणि त्याच्या हद्दी निश्चित करते. हद्दींच्या पुराव्याची मागणी मात्र कायदा करत नाही, आणि तेथूनच पुढचे बरेचसे तंटे सुरू होतात.

महाराष्ट्रात अशा बहुतेक जुळवण्यांचा पाया गावनकाशा असतो, म्हणून तो कसा तयार झाला हे आधी नीट पाहावे लागते. मुंबई इलाख्यातील सर्वेक्षणाची घडी विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून बसवली. हातात ३३ फुटी साखळी, तिचे सोळा आणे, काटकोन धरण्यासाठी शंकू, आणि शेताच्या बांधावर दगड. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर, हे आजही शेतकऱ्याच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते, ते या साखळीमुळे. मोजणीचा हेतू सारा ठरवणे हा होता. त्यामुळे प्रत्येक शेताचे क्षेत्र आणि शेजारच्या शेताशी त्याचे नाते अतिशय काळजीने टिपले गेले; ते गाव पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहे, हा प्रश्न त्या भूकरमापकाला कुणी विचारलाच नव्हता. जुनी टिपणे पाहिली की त्या माणसांच्या कामाबद्दल आदर वाटतो. पण गावनकाशा आपल्यापुरता खरा असला तरी त्याला अक्षांश-रेखांशांचा आधार नाही, ही मर्यादा त्या आदराने दूर होत नाही. त्यानंतर १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली एकत्रीकरण योजना आल्या, सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, पोटहिस्से पडले, आणि कागदावरच्या दुरुस्त्या प्रत्येक वेळी मूळ नकाशावर उतरल्याच असे झाले नाही.

आता अशा दोन शेजारच्या गावांचे नकाशे स्कॅन करून संगणकावर एकमेकांना लावून पाहा. कापड चिकटवलेला कागद शंभर वर्षांत घड्यांवर विरलेला असतो, एका दिशेने थोडा आक्रसलेला असतो. नदीचे वळण, जुनी विहीर, देऊळ आणि रस्त्याचा फाटा अशा खुणा उपग्रह चित्रावर शोधून नकाशा त्यांवर बसवला, तर उत्तरेकडे नीट बसतो आणि दक्षिणेकडे सरकतो. दोन गावांची शीव ही वास्तविक एकच रेषा असायला हवी. पडद्यावर मात्र दोन रेषा दिसतात. कोठे त्यांच्यामध्ये कुणाच्याच मालकीची नसलेली अरुंद पट्टी उरते, तर कोठे एकच शेत दोन्ही गावांत मोजले जाते. तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तो दगड जागेवर सापडला तर हा गुंता सुटतो. तो नांगरटीत उखडला गेला असेल, किंवा रस्त्याच्या रुंदीकरणात गाडला गेला असेल, तर पडद्यापुढे बसलेल्या व्यक्तीला निर्णय घ्यावा लागतो. शीव नदीच्या पात्रातून जात असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो, कारण नकाशातले पात्र एकोणिसाव्या शतकातले असते आणि चित्रातले मागच्या उन्हाळ्यातले.

या गावनकाशावर मग भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा दाखवणारा स्थलदर्शक नकाशा, येते. १:५०,००० प्रमाणावर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर, तेव्हा अर्धा मिलिमीटर जाडीची रेषाच पंचवीस मीटर जमीन झाकते. शिवाय जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रतिमानावर, आधारलेल्या आहेत आणि उपग्रहाधारित साधने डब्ल्यूजीएस ८४ या नव्या प्रतिमानावर. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापरासाठी नव्या पद्धतीची मालिका आली, तरी कार्यालयांतील जुने अंकीकरण तसेच फिरत राहिले. या दोन पद्धतींतले रूपांतर करायचे राहून गेले, तर पुण्याच्या परिसरात सगळा नकाशा शंभर मीटरहून अधिक सरकतो. वनखात्याच्या राखीव वनाच्या हद्दींची तऱ्हा निराळी, जलसंपदा विभागाच्या पूररेषांची निराळी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने राज्याची १,५३१ पाणलोट क्षेत्रे पाडली आहेत आणि पाणलोटाला तालुक्याची हद्द माहीत नसते, ते योग्यच आहे.

जनगणनेची यादी हे आणखी एक साधन. तिचा उपयोग लोकसंख्येसाठी होतो, म्हणून तिच्याशिवाय नियोजन होत नाही. आणि २०११ नंतर नवी जनगणना न झाल्याने आजही तीच वापरावी लागते. दरम्यान २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली, त्यांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करण्यात आली, वेल्हे तालुक्याचे नाव राजगड झाले. राज्यात महसुली गावे सुमारे ४४ हजार आणि ग्रामपंचायती सुमारे २८ हजार, म्हणजे ग्रामपंचायतीच्या याद्यांतील ‘गाव’ आणि तलाठी सज्जातील ‘गाव’ एक नव्हे. एका यादीत ‘बुद्रुक’, दुसरीत ‘बु.’, तिसरीत इंग्रजी स्पेलिंगावरून परत मराठीत आणताना बिघडलेले नाव. एकाच तालुक्यात दोन वडगाव असले की संगणक आनंदाने चुकीच्या वडगावाला चुकीची लोकसंख्या चिकटवतो. बेचिराख, म्हणजे वस्ती न उरलेल्या, गावांची नोंद कायम असते. धरणात बुडालेल्या गावांचे नकाशे दप्तरात असतात, पण त्यांची माणसे दुसऱ्याच गावाच्या शिवारात पुनर्वसित झालेली असतात. उजनीच्या जलाशयाकाठी ज्यांनी हे काम केले आहे त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

हा सगळा तपशील तंत्रज्ञांपुरता आहे, सामान्य नागरिकाचा त्याच्याशी संबंध नाही, असे वाटू शकते. तसे नाही, हे दोन कायदेशीर मोजमापांवरून दिसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांच्या आतील जमिनीला निवासी वापरासाठी सवलत दिली. हे २०० मीटर ज्या रेषेपासून मोजायचे ती गावठाणाची रेषाच जुन्या आधारामुळे शंभर मीटर सरकली असेल, तर एका बाजूच्या शेतकऱ्याला हक्क नसताना लाभ होतो आणि दुसऱ्या बाजूच्या शेतकऱ्याचा हक्क बुडतो. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी झाली आहे हे खरे, पण गावठाणाभोवतीच्या शेतजमिनीचा नकाशा बहुतेक ठिकाणी जुनाच आहे, त्यामुळे अचूक मध्य आणि अंदाजी परीघ असा विचित्र मेळ तयार झाला आहे. दुसरे मोजमाप डोंगरउताराचे. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम पुण्याभोवतीच्या टेकड्या वाचवण्यासाठी मोलाचा आहे. परंतु उतार मोजताना टोपोशीटवरील समोच्च रेषा घेतल्या, तीस मीटरांच्या ठोकळ्यांचे (पिक्सेलचे) उपग्रहीय उंचीचे प्रतिमान घेतले, की प्रत्यक्ष जागेवरची मोजणी घेतली, यावर तोच डोंगर कमी-अधिक तीव्र ठरतो. ठोकळा मोठा असला की मधला कडा सरासरीत विरघळतो आणि कड्याखालची जमीन बांधकामयोग्य म्हणून रंगवली जाते. माळीणसारख्या दुर्घटना ज्या सह्याद्रीत घडतात, त्याच सह्याद्रीच्या उतारांविषयी हे चालले आहे.

पुन्हा पश्चिम घाटाकडे, तेथील संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेकडे वळतो, कारण तेथे या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ रूप दिसते. गाडगीळ गटाने सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन वापरले होते आणि त्यावर ते फार ढोबळ असल्याची टीका झाली. कस्तुरीरंगन गटाने २४ मीटर ठोकळ्याची उपग्रह चित्रे वापरली, म्हणजे एक ठोकळा सुमारे पावणेसहा गुंठ्यांचा, आणि गाव हे एकक धरून ज्या गावाचे २० टक्के किंवा त्याहून अधिक क्षेत्र नैसर्गिकदृष्ट्या संवेदनशील ते संपूर्ण गाव यादीत घेतले. साधन अधिक बारीक झाले, म्हणून निष्कर्षही अधिक अचूक झाला असे सर्वांनी धरून चालले. समजा, एका गावाचे क्षेत्र ६०० हेक्टर आहे आणि त्यात ११८ हेक्टर जंगल आहे, हे १९.७ टक्के होतात आणि गाव बाहेर राहते. आता शिवेलगतची १५ हेक्टर शेती दुसऱ्या नकाशानुसार शेजारच्या गावात जात असेल, तर छेद ५८५ होतो, टक्केवारी २०.२ होते आणि अख्खे गाव आत येते. जंगलातले एक झाडही हललेले नाही. चित्र कितीही बारीक असले, तरी ज्या गावसीमेत ते कापून मोजायचे तिच्यातच शंका असेल, तर उंबरठ्याजवळच्या गावांचा निकाल हा योगायोगाचा भाग राहतो. अशा गावांतल्या लोकांनी ‘आमचे गाव कसे आले आणि पलीकडचे कसे वगळले’ असे विचारले, तेव्हा त्यांना गणित दाखवता आले पाहिजे होते. ते दाखवले गेले नाही, आणि ज्यांना मुळात कोणतेच संरक्षण नको होते त्यांनी त्या रास्त प्रश्नाचा आडोसा घेतला.

मार्च २०१४ पासून जुलै २०२४ पर्यंत या अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. पहिल्याच मसुद्यात केरळचे क्षेत्र कमी झाल्याने संवेदनशील क्षेत्राचा एकूण आकडा सुमारे ६० हजारांवरून ५६,८२५ चौरस किलोमीटरांवर आला, महाराष्ट्राचा १७,३४० राहिला. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला, वायनाडमधील दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. या विलंबाचे मुख्य कारण खाणी, बांधकाम आणि राजकारण यांचे हितसंबंध हेच आहे. ते नकाशाच्या त्रुटींवर ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीही हितसंबंधांना निर्णय रेंगाळत ठेवण्यासाठी निमित्त लागते, आणि पुराव्याविना काढलेली हद्द हे निमित्त फुकटात पुरवते.

त्याहून गंभीर इशारा गोव्याने दिला आहे. तेथे २०११ पर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे मागे घ्यावा लागला, त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृती दलाच्या कामातून २०२१ पर्यंतचा आराखडा आकाराला आला. पुढे २०२३ मध्ये नगर व ग्राम नियोजन कायद्यात कलम १७(२) घालण्यात आले. अनवधानाने राहिलेल्या चुका आणि विसंगत विभागरचना दुरुस्त करणे, हा त्याचा सांगितलेला हेतू. ऐकायला यात गैर काहीच नाही, कारण चुका असतात आणि त्या दुरुस्त व्हायलाच हव्यात. प्रत्यक्षात वैयक्तिक अर्जांवर, भूखंडागणिक, शेती व नैसर्गिक आच्छादनाच्या जमिनी निवासी विभागात बदलण्याचा तो मार्ग झाला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थ मर्यादित केला. माझ्या दृष्टीने यातील धडा न्यायालयीन निकालापेक्षा आधीचा आहे. आराखडा प्रसिद्ध होतानाच ‘या ठिकाणी साधने जुळत नाहीत, येथे आम्ही अमुक ग्राह्य धरले आहे’ अशी विसंगतींची नोंदवही जाहीर झाली असती, तर नंतर कोणतीही जमीन ‘चूक’ म्हणून पुढे करता आली नसती. नोंदवहीत नसलेली चूक सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर पडला असता. विसंगती लपवली की ती नाहीशी होत नाही. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे त्याच्यासाठी ती राखून ठेवली जाते.

येथे नगररचना कार्यालयांतील अधिकारी तीन आक्षेप घेतात, आणि ते अनुभवातून आलेले असल्याने त्यांना उत्तर द्यायला हवे. पहिला, शंका जाहीर केल्या तर प्रत्येक जण न्यायालयात जाईल. पण लोक आजही जातातच, आणि शासनाकडे रेषेचा पुरावा नसल्याने खटला वर्षानुवर्षे केवळ मोजणीच्या मागणीवर रेंगाळतो. दुसरा, अनिश्चित पट्टे दाखवले की दलाल तेथेच जमिनी घेतील. दलालांना ते पट्टे आज माहीत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी कोणत्याही महामार्गाच्या आखणीपूर्वीच्या दस्तनोंदणीकडे पाहावे. अंधारात फक्त मूळ जमीनधारक असतो. तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो: इतकी जुळवणी काटेकोर करायची तर माणसे आणि वेळ कोठून आणायचा. महाराष्ट्राच्या नगररचना अधिनियमाच्या कलम २५ नुसार विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करायलाच कार्यालयांची दमछाक होते, आणि भूमी अभिलेख खात्यात मोजणीची प्रकरणे तुंबलेली असतात. म्हणूनच मी सर्व गावांच्या फेरमोजणीची अट घालत नाही. जेथे साधने जुळतात तेथे तसे लिहावे आणि पुढे जावे. जेथे जुळत नाहीत त्यांतही बहुतेक फरक कोणाच्या हक्काला स्पर्श करत नाहीत. ज्या थोड्या ठिकाणी फरकामुळे विभाग बदलतो, गाव आत-बाहेर होते किंवा बांधकामाचा हक्क ठरतो, तेवढीच ठिकाणे प्रत्यक्ष जाऊन रोव्हरने (उपग्रहाधारित मोजणी यंत्राने) मोजावीत, दोन्ही गावच्या लोकांसमोर, पंचनामा करून. आज जे निर्णय खासगी सल्लागार संस्थेतील एखादा तरुण तंत्रज्ञ रात्री उशिरा पडद्यावर दोन रेषा एकमेकींवर ओढून घेतो, त्यांची कोठेही नोंद राहत नाही, आणि ज्याच्या नावावर कोणताही अधिकार नाही अशा व्यक्तीवर आपण सीमा ठरवण्याचा भार टाकतो. तो त्याच्यावर अन्याय आहे आणि गावावरही.

साधनांचा अग्रक्रमही काम सुरू होण्याआधीच लेखी ठरला पाहिजे. गावाच्या शिवेसाठी भूमी अभिलेख खात्याची मोजणी अंतिम, उंची व उतारासाठी अमुक वर्षाचे अमुक प्रतिमान, लोकसंख्येसाठी जनगणनेचा संकेतांक आणि तो महसुली संकेतांकाशी जोडणारा एकच तक्ता, असा तो क्रम असावा. अधिसूचनेतील गावांची यादी आणि सोबतचा नकाशा यांत विरोध आला तर कोण वरचढ, हेही अधिसूचनेतच लिहिलेले असावे. जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे, गावनकाशे महाभूनकाशा संकेतस्थळावर आहेत, अक्षांश-रेखांशांच्या अचूक मोजणीसाठी कॉर्स स्थानकांचे, म्हणजे सतत उपग्रह संकेत नोंदवणाऱ्या स्थिर संदर्भ स्थानकांचे, जाळे राज्यभर उभे आहे, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर नकाशे प्रसिद्ध करण्यावरची जुनी बंधनेही बरीचशी उठली आहेत. साधनांच्या अभावाची सबब आता उरलेली नाही.

काळही अनुकूल आहे. २०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ च्या स्थितीला गोठवण्याचे ठरले. ही गोठवणी चालू असेपर्यंत नवे तालुके व नवी गावे होणार नसल्याने महसूल, जनगणना आणि ग्रामविकास यांच्या याद्या एकमेकींशी जोडून घ्यायला यापेक्षा बरा अवसर मिळणार नाही. पुणे महानगर प्रदेशाच्या विकास आराखड्याचे प्रारूप २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०२५ मध्ये शासनाने ते रद्द केले. सुमारे ६,९०० चौरस किलोमीटरांच्या या प्रदेशाचे काम पुन्हा हाती घेताना मावळ, मुळशी, भोर, राजगडपासून दौंड-शिरूरपर्यंतच्या गावांपुढे सर्वांत आधी रंगीत विभागांचा नकाशा ठेवू नये. आधी केवळ मूळ नकाशा ठेवावा, त्याबरोबर गावनिहाय विसंगतींची नोंदवही ठेवावी, आणि हरकती-सूचनांची पहिली फेरी फक्त हद्दींवर घ्यावी. कोणत्या जमिनीवर काय होणार हे अजून ठरलेले नसताना लोक आपली शीव जितक्या निःपक्षपातीपणे दाखवतील, तितक्या निःपक्षपातीपणे ती नंतर कुणीच दाखवणार नाही.